तळ्यातील माशांचे जिवाणूजन्य रोग : व्रण बाहेर, हानी आत

नवी दिल्ली – राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या हरियाणातील रोहतक, झज्जर, सोनीपत, कर्नाल आदी जिल्ह्यांत गोड्या पाण्यातील मत्स्यशेती केली जाते. गावतळी व शेततळ्यांत प्रामुख्याने रोहू, कटला, मृगळ आणि पंगस या माशांचे संवर्धन होते. दिल्लीतील गाझीपूर येथील घाऊक बाजार ही या भागातील मासळीची मोठी पेठ आहे. या व्यवसायापुढील एक कायमचा धोका म्हणजे जिवाणूजन्य रोग. अंगावरील व्रण लगेच नजरेत भरतो. मात्र तो दिसेपर्यंत शरीरातील ऊतींची हानी बरीच पुढे गेलेली असते.

एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू तळ्याच्या पाण्यात एरवीही आढळतो. जाळे ओढताना खवले निघाले, त्वचा खरचटली किंवा माशाची प्रतिकारशक्ती खालावली की तो शरीरात शिरतो. त्याची विषद्रव्ये पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडतात, तर विकरे प्रथिनांचे विघटन करतात. सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटून परांच्या मुळाशी आणि पोटावर लाल चट्टे उमटतात. यकृताच्या पेशी मृत होऊ लागतात.

सर्वांत गंभीर हानी मूत्रपिंडाची होते. माशाच्या हाडांत रक्त तयार करणारी मज्जा नसते; ते कार्य मुख्यतः मूत्रपिंडाचा पुढील भाग पार पाडतो. शिवाय गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरात बाहेरचे पाणी सतत झिरपत असते व ते बाहेर टाकण्याचे कामही मूत्रपिंडाचेच असते. हा अवयव निकामी झाला की पोटात पाणी साचते, खवले उभे राहतात आणि डोळे बाहेर येतात.

अन्य जिवाणूंची लक्षणे वेगळी असतात. फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअरमुळे कल्ल्यांच्या ऊती कुजतात व मासा गुदमरतो. एडवर्डसिएला इक्टालुरीमुळे पंगस माशाच्या यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडावर पांढरे ठिपके पडतात. तिलापियामध्ये स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचून मासा गोल गोल फिरू लागतो.

उत्तर भारतातील कडक थंडीत माशांची प्रतिकारशक्ती मंदावते. हिवाळा सरताना पाणी तापू लागले की जिवाणूंची वाढ वेगाने होते. अतिदाट साठवणूक, उरलेल्या खाद्यामुळे वाढणारा अमोनिया आणि पहाटे घटणारा प्राणवायू यांमुळे रोगाला अधिकच वाव मिळतो.

औषध सहसा खाद्यातून दिले जाते. परंतु आजारी मासा खाणे सोडतो. त्यामुळे उशिरा सुरू केलेला उपचार बहुधा निष्फळ ठरतो. पाण्याचा सामू तपासून चुना देणे, खाद्य आटोक्यात ठेवणे, पाण्यात हवा मिसळणे व मासे जपून हाताळणे हेच खात्रीचे उपाय होत. प्रतिजैविकांचा वापर तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय करू नये. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांच्या वापरास मत्स्यसंवर्धनात बंदी आहे. ग्राहकांनी व्रण असलेली मासळी टाळावी व मासे पूर्ण शिजवूनच खावेत. हातावर जखम असल्यास मासे हाताळताना हातमोजे वापरावेत.

जलचरांच्या रोगांवर लक्ष ठेवण्यासाठी 2013 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो त्याचे समन्वयन करतो. मत्स्यपालकांना रोगाची माहिती थेट कळविता यावी, यासाठी 2023 मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल अ‍ॅप उपलब्ध करून देण्यात आले. मुंबईतील वर्सोवा येथे मुख्यालय असलेल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचे रोहतकजवळ लाहली येथे केंद्र आहे.

तपासणीसाठी तळ्यात मरून तरंगणारा मासा पाठवू नये. मृत्यूनंतर ऊती झपाट्याने विघटित होतात आणि रोगाच्या खुणा पुसल्या जातात. लक्षणे दिसत असलेला, पण अद्याप जिवंत असलेला मासाच निदानासाठी उपयोगी पडतो.