बांधकाम कारागिरांचे विद्यावेतन (खानदेश)

जळगाव व धुळे जिल्ह्यांत सुतार, गवंडी यांसारख्या पारंपरिक बांधकाम व्यवसायांचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या घरातच होत आले. पोरगा बापाच्या हाताखाली कामाला लागे. पैसा मिळायचा तो काम येऊ लागल्यावर. तरी 1819 मध्ये ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने नवे धुळे वसवायला घेतले, तेव्हा कारागीर लांबून आणावे लागले होते.

या भागाची खास कारागिरी म्हणजे धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर. सागाच्या खांबांवर सर (जाड तुळया), सरांवर कड्या (आडवी लाकडे), त्यांवर बांबू किंवा फळ्या, मग पाला आणि मातीचे थर. सर्वांत वर खारी माती. क्षारामुळे तिचे बारीक कण पाण्याने सुटे होऊन छिद्रे बुजवतात आणि पाणी झिरपत नाही. म्हणून मृगाआधी दरवर्षी नवी खारी टाकतात. छताचा उतार पन्हाळीकडे नेमका किती ठेवायचा, हे मात्र पाहूनच शिकावे लागते.

पुढे शिकाऊ उमेदवारी कायद्याने (1961) उमेदवारांना शिकतानाच मिळणाऱ्या पैशाला, म्हणजे विद्यावेतनाला, कायद्याचा आधार दिला. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत सुतार व गवंडी आहेत. प्रशिक्षणकाळात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे. तेवढ्यात धाबे शिकून होणे कठीणच. त्याचा वेगळा व्यवसाय म्हणून योजनेच्या यादीत उल्लेख नाही.