उशाखालची अर्धी भाकर

तुम्ही केडगावच्या फलाटावर उतरता. 1905 सालचा जून संपत आलाय. गाडी सोलापूरच्या दिशेने निघून जाते, कोळशाचा धूर थोडा वेळ रेंगाळतो आणि मग समोर नुसता माळ उरतो. लांब जिथे दिवे मिणमिणताहेत तिकडे चालू लागा. ते मुक्ती मिशन, पंडिता रमाबाईंचं.

फाटकातून आत गेलात की आधी माणसांची दाटी जाणवते. दीड हजाराहून जास्त जीव इथे राहतात, बहुतेक बाया आणि मुली. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. 1900च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. कुणी बालविधवा, कुणी टाकलेली. आंधळ्या मुलींसाठी बार्तीमी सदन आहे, समाजाने ज्यांच्या तोंडावर दार लावलं त्यांच्यासाठी कृपा सदन आहे. शेतात, मागावर, छापखान्यात, चुलीपुढे याच मुलींचे हात राबतात.

जानेवारीत रमाबाईंनी या मुलींना विचारलं होतं, रोज जमून प्रार्थना करायला कोण येईल? 70 जणी उठल्या. वेल्समधल्या जागृतीच्या बातम्या तेव्हा इथवर पोचत होत्या. जून येईतो 550 जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या.

आता 29 जूनची पहाट. साडेतीन वाजलेत आणि तुम्ही मुलींच्या खोलीच्या दाराशी उभे आहात. आत एकीला जाग येते. आपल्यावर अग्नी उतरलाय असं तिला वाटतं, आणि ती मोठ्याने प्रार्थना करू लागते. शेजारची मुलगी बघते तर तिलाही ज्वाळा दिसतात. ती धावत जाऊन पाण्याची बादली उचलून आणते. ओतणार, एवढ्यात तिच्या लक्षात येतं की कापड जळत नाहीये, केस जळत नाहीयेत. बादली तशीच हातात राहते.

तिथल्या मिशनरी मिनी अब्रॅम्स यांनी ही हकिगत लिहून ठेवली. तुम्ही तिचा अर्थ कसाही लावा, पण त्या बादलीपाशी क्षणभर थांबा. मैत्रीण पेटलीय असं वाटल्याबरोबर पाणी आणायला धावणारी ही मुलगी. आपल्या मंडळीत एकमेकांकडे इतकं लक्ष असतं का?

दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा 8वा अध्याय समजावून सांगत असतात. पांढरं लुगडं, आखूड केस, शांत आवाज. बोलता बोलता समोरच्या मुली मोठ्याने प्रार्थना करू लागतात, रडू लागतात, आणि बाईंना थांबावं लागतं. पुढचे दिवस शाळेचे वर्गही प्रार्थनेचे होतात. बाहेर कुजबुज सुरू होते की हा कसला गोंगाट, उपासना शांतपणे व्हायला हवी. रमाबाई मुलींच्या बाजूने उभ्या राहतात. इतर देशांत पवित्र आत्म्याला मोकळीक असते, मग इथल्या ख्रिस्ती माणसांतच ती का नसावी, असा त्यांचा सवाल आहे.

गर्दीत एक जागा धरून खाली बसा. आता साक्षी सुरू होतील.

साक्ष हा आपल्या मंडळ्यांतला रोजचा शब्द. प्रभूने माझ्या आयुष्यात काय केलं ते चार माणसांसमोर सांगायचं. शब्द मुळात कचेरीतला, आणि त्याची अट कडक आहे. साक्षीदाराने पाहिलं तेवढंच सांगावं, ऐकीव काही घालू नये.

नीट पाहिलंत तर यातल्या बहुतेकींना जन्मात कुणी विचारलेलं नाही की बाई, तुला काय सांगायचंय? लग्न विचारून झालं नाही, केस विचारून काढले नाहीत. कल्पना करा, त्यांच्यातलीच एक उठते. चौदा-पंधरा वर्षांची असेल. मराठी बोलताना मध्येच तिच्या मुलखातली हिंदी येते. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणते, ‘‘मी इथे आल्यापासून रोज रात्री अर्धी भाकर उशाखाली लपवते. सकाळी मिळेलच असं वाटत नाही म्हणून. भाकर वाळते, मुंग्या लागतात, तरी लपवते. काल पहिल्यांदा पुरती खाल्ली. आणि मला झोप लागली.’’

एवढं बोलून ती खाली बसते. तिने तारण म्हटलं नाही, विश्वास म्हटलं नाही. रोजच्या भाकरीची प्रार्थना तुम्ही पाठ म्हणत आला आहात. ती प्रार्थना मनापासून म्हणायला काय लागतं, ते आज तुम्हाला कळतं.

आता रमाबाईंकडे बघा. त्यांना ऐकू कमी येतं. 1883 साली त्या डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या, तेव्हा या बहिरेपणानेच ती वाट बंद केली. भूक मात्र त्यांना कुणी सांगायला नको. आई, वडील आणि थोरली बहीण त्यांनी 1870च्या दशकातल्या दुष्काळात गमावली. आणि साक्ष कशी द्यावी हे त्या स्वतः पुढे दाखवणार आहेत. 1907 साली त्या आपली आध्यात्मिक हकिगत लिहितील आणि मोकळेपणी कबूल करतील की 1883मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटायला पुढची आठेक वर्षं गेली. जगभर नाव झालेल्या विदुषीने ही मधली कोरडी वर्षं झाकली नाहीत, म्हणूनच तिच्या शब्दांवर माझा भरवसा बसतो.

तुमच्याकडे वेळ थोडा आहे, पण जाता जाता छापखान्यात डोकवा. पावलं टाकता टाकता सोळा वर्षं मागे पडलीत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुळावरून अख्खं बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणलं. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल, अशी मराठी. एक बाई खिळे जुळवत उभी आहे. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, तिची बोटं मात्र चुकत नाहीत. भा, क, र. ती तीच मुलगी असेल का? असावी, असं मला वाटतं. अशा शेकडो जणींचं बोलणं ऐकल्यावरच बाईंना कळलं असणार की देवाचं वचन कोणत्या शब्दांत पोचतं. 1921मध्ये त्यांची लेक मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922ला त्या स्वतः गेल्या. 1924 साली ते बायबल पुरं छापून निघालं.

आता परत या. रविवार आहे. तुमच्या मंडळीत उपासना संपत आलीय, पाळक विचारतात, ‘‘कुणाला साक्ष द्यायचीय?’’ नेहमीचे दोघे उठतात. नोकरी लागली, ऑपरेशन नीट पार पडलं. देवाची स्तुती असो. आपण आनंदाने ‘आमेन’ म्हणतो. पण ज्याला अजून नोकरी लागलेली नाही, जिची प्रार्थना सहा वर्षं तशीच आहे, ती माणसं खाली बघत बसतात. आपल्याजवळ साक्ष नाही, असं त्यांना वाटतं.

त्यांच्याजवळ आहे. उशाखाली काय लपवलंय हे सांगणं हीसुद्धा साक्षच. ती ऐकायला शेजारी कुणीतरी हवं, बादली घेऊन धावणारं. आज तुमच्या बाकावर जी बाई एकटी बसलीय, तिच्याकडे वळा. उपासना सुटल्यावर घाईने चपला घालू नका. तिला विचारा, ‘‘ताई, कशा आहात?’’ आणि उत्तर येईपर्यंत थांबा.