जाजम आणि आपली बैठक

घर बांधावयास काढले की हल्ली पहिला प्रश्न निघतो तो सोफा कोणत्या भिंतीला लावावयाचा हा. आपल्या ज्ञातिगृहाच्या नव्या दालनाविषयी बोलणे चालू असता हाच प्रश्न निघाला, आणि त्याच ओघात, पेटीत घडी घालून ठेवलेल्या जुन्या मोठ्या जाजमाचे काय करावयाचे, असेही कोणी विचारले. एकाचे मत पडले की ते भिंतीवर टांगावे. दुसऱ्याचे मत पडले की मांडववाल्यास देऊन मोकळे व्हावे. आम्हांस त्या वेळी उत्तर सुचले नाही. पुढे या विषयाचा थोडा मागोवा घेतला तेव्हा ध्यानी आले की, आपल्या पूर्वजांनी खोली आधी बांधून मग तीत जाजम अंथरले असे घडलेले नाही. जाजमावर बसणारा माणूस मनात धरूनच त्यांनी खोलीची आखणी केली. तो इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा मानस आहे.

युरोपीय दिवाणखान्यात गालिचा असतो तो पायाखाली. उभा असलेला अथवा खुर्चीवर बसलेला मनुष्य त्याची नक्षी वरून न्याहाळतो. आपल्या बैठकीत सतरंजी, जाजम, गादी ही सारी बसण्याची अंथरुणे होत. हा एवढा भेद लक्षात घेतला म्हणजे जुन्या घरांतील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. जोडे उंबऱ्याबाहेर का, तर आत जमीन हेच आसन आहे. माडीच्या खिडक्या जमिनीलगत का, तर मांडी घालून बसलेल्या माणसास वारा लागावा व रस्ता दिसावा. कोनाडे आणि देवळ्या हाताच्या टप्प्यात का, तर पानाचा डबा घेण्यासाठी बैठकीवरून उठावे लागू नये. तसबिरी उंच लावून पुढे कललेल्या का, तर खाली बसलेल्याची नजर वर जाते. आपल्या खानदेशातील धाब्याची घरे ठेंगणी असली तरी त्यांत कोंडल्यासारखे होत नसे, याचेही कारण हेच, की त्यांतील माणसे बसलेली असत.

घराचे माप खणांनी सांगितले जाई. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे खण. बैठकीची खोली किती खणांची, यावर तीत किती माणसे बसतील हे ठरे, आणि त्याच हिशेबाने सतरंजीची लांबीरुंदी सांगितली जाई. तळाला सतरंजी, तिच्यावर पट्ट्या जोडून शिवलेले छापील सुती जाजम, भिंतीलगत गादी आणि लोड-तक्के, मध्ये पानसुपारीचे तबक, अशी ती मांडणी असे. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपण पैशाअडक्याच्या बाबतीत वापरतो. घरबांधणीतही ती अक्षरशः खरी होती.

ही अंथरुणे आणि त्यांची नावे आपल्याकडे कोणत्या वाटेने आली असावीत, हे सांगण्यास भुसावळइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही. १८६६ मध्ये आगगाडीचा मार्ग येथून खांडव्यास पोहोचला आणि १८६७ मध्ये दुसरा फाटा नागपुरास. जंक्शनातून निघणाऱ्या या दोन वाटा जाजमाच्या इतिहासाच्याही दोन वाटा आहेत.

खांडव्याच्या वाटेवर बुऱ्हाणपूर लागते. ते फारुकी सुलतानांचे राजधानीचे शहर. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला, आणि खानदेश मोगली सुभा झाला. अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही फरासखान्याचे स्वतंत्र प्रकरण लिहिले असून, आग्रा, फत्तेपूर व लाहोर येथील गालिच्यांचे वर्णन करून जाजम आणि सतरंजी यांचाही नामनिर्देश केला आहे. सुभ्याच्या ठाण्यात सरदार आले, त्यांचे तंबू आले, तंबूंबरोबर फरास आले. आणि फरासांबरोबर हे शब्द आपल्या मुलखात रुळले असावेत, असे मानण्यास हरकत दिसत नाही. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांतही फरासखाना होताच. पुण्यातील एका पोलीस चौकीस ते नाव अद्याप चिकटून आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करून फार्सी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. परंतु जाजम, सतरंजी व गालिचा हे शब्द लोकांच्या जिभेवरून हलले नाहीत. जे रोज अंथरावे लागते त्याचे नाव सहसा बदलत नाही.

बैठकीचा रुबाब केवढा होता हे एका चित्रावरून कळते. १७९० मध्ये सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने तह केला. त्या प्रसंगाचे टॉमस डॅनियल याने १८०५ मध्ये पूर्ण केलेले चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. पेशवे गादीवर, मुत्सद्दी खाली बैठकीवर, आणि दिवाणखान्यात इंग्रजांसाठी वेगळ्या खुर्च्यांची मांडामांड नाही. ज्याची खोली, त्याची बसण्याची रीत, हा दंडक तोवर अबाधित होता.

आता दुसरी वाट. नागपूरच्या फाट्यावर अकोला, आणि अकोल्याच्या आसमंतात बाळापूर व अकोट. ही दोन्ही गावे सतरंज्यांसाठी नावाजलेली. जाड पिळदार सुताचा ताणा, रंगीत सुताचा बाणा. आणि लोखंडी दातांच्या पंजाने बाणा असा ठोकावयाचा की ताणा दिसेनासा व्हावा. अशी सतरंजी घरातल्या दोन पिढ्या सहज पाहते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ पर्यंत, कापसाचे भाव कडाडले व वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळला. पाठोपाठ रेल्वे आली. ज्या कापसाच्या गाठी मुंबईस जात, त्याच काळ्या मातीतील कापसाचे सूत सतरंजीच्या रूपाने बैठकीवर येई.

परंतु त्याच रेल्वेने खुर्चीही आणली. साहेबांचे बंगले आले, कचेऱ्या आल्या, आणि टेबलाखाली पसरलेल्या गालिच्याची हौस आली. या काळात हिंदुस्थानातील तुरुंगांतून गालिचे विणून घेतले जात. पुण्याच्या येरवडा तुरुंगातील गालिच्यांचे नाव होते. आग्र्याच्या तुरुंगातील बंदिवानांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला अखंड गालिचा इंग्लंडमधील विंडसर राजवाड्याच्या वॉटर्लू दालनात आजही आहे. त्याचे वजन दोन टन. १९९२ मध्ये राजवाड्यास आग लागली तेव्हा तो गुंडाळून हलविण्यास पन्नास सैनिक लागले. दालनाची शोभा ज्यावर अवलंबून, तो गालिचा विणणाऱ्यांस त्या दालनात पाऊल टाकण्याची कधी संधी नव्हती. ही गोष्ट वाचून साहेबास नावे ठेवणे सोपे आहे; परंतु मग आपल्या जाजमाकडेही तितक्याच उघड्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

जाजमावर कोण बसे? जुन्या महजरांत निवाड्याच्या वेळी उपस्थित असलेल्यांची नोंद ‘हाजीर मजालस’ या शब्दांनी होते. मजालस म्हणजे बैठकच. धुळ्यास १९२७ पासून काम करणाऱ्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थांनी जुनी कागदपत्रे जतन केली म्हणून या गोष्टी आपणांस कळतात. अशा कागदांवर पाटलाचा नांगर उमटतो, लोहाराचा हातोडा उमटतो, आणि महाराचीही निशाणी उमटते. गावशिवेच्या तंट्यात तर महाराच्या साक्षीस फार मोल असे. म्हणजे कागदावर ज्यास जागा होती, ज्याच्या शब्दावर गावाची शीव ठरे, त्यास बैठकीच्या अंथरुणावर मात्र जागा नव्हती. तो अंगणात उभा राही. आपल्या घरांत वर्षानुवर्षे राबलेले सालदारही तेथेच उभे राहिले. आपल्या माताभगिनी माजघराच्या दाराआड उभ्या राहिल्या. मुलीची सुपारी जाजमावर फुटे आणि ती मुलीच्या आईला दाराच्या फटीतून ऐकू येई.

आणि जो जाजमावर बसत असे, त्यासही ते स्थान कायमचे नव्हते. पंचांची मर्जी फिरली की माणूस वाळीत पडे. पंगत बंद, बैठक बंद, रोटी-बेटी बंद. ज्ञातीच्या अंकात हे लिहिणे कोणास रुचणार नाही; परंतु ज्ञातीच्या इतिहासात ते आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा केला. तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर, महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा संमत केला, व तो २०१७ च्या जुलैपासून अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. जाजमावरून माणसास उठविण्याचा अधिकार आता कोणत्याही पंचास उरलेला नाही, आणि ते योग्यच झाले.

त्याच जाजमास दुसराही इतिहास आहे, व तो आपल्या अगदी शेजारी घडला. काँग्रेसच्या १९२१ च्या अहमदाबाद अधिवेशनात प्रतिनिधींच्या खुर्च्या काढून टाकण्यात आल्या आणि सर्व मंडळी खाली बसली. पुढे १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन यावल तालुक्यातील फैजपूर येथे झाले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावठी साधनांनी त्या नगरीची सजावट केली. तेथे खानदेशच्या शेतकऱ्याने राष्ट्राचा संसार आपल्याच रीतीने, आपल्याच जमिनीवर मांडलेला पाहिला. जी बैठक काल निवडक लोकांची होती ती सर्वांची होऊ शकते, हे त्या दिवसांनी दाखविले. ‘एका जाजमावर बसणे’ हा शब्दप्रयोग मराठीत तंटा मिटण्याच्या, बरोबरीने बोलण्याच्या अर्थी रूढ आहे. भाषेने जाजमाचा हा चांगला गुण तेवढा उचलला. आपणही तेच करावे.

म्हणून त्या जुन्या जाजमाविषयी आमचे मत आता ठरले आहे. ते भिंतीवर टांगू नये. टांगलेल्या जाजमावर कोणी बसत नाही. ते मांडववाल्यासही देऊ नये. नव्या इमारतीतील एक खोली त्याच्या मापाने बांधावी. तिची खिडकी खाली असावी, कोनाडे हाताशी असावेत, आणि दाराबाहेर जोड्यांसाठी प्रशस्त ओटा असावा. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी भिंतीलगत बुटके बाक खुशाल ठेवावेत. वडीलधाऱ्यांस त्रास देऊन परंपरा राखण्यात अर्थ नाही. मात्र खोलीचा मध्य जाजमाचाच असावा. त्यावर विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा, तंटे मिटवावेत, आणि लग्नाची बोलणी व्हावीत तेव्हा मुलगी व तिची आई दोघीही तेथे समोर बसलेल्या असाव्यात. परज्ञातीचा पाहुणा आला तर त्याला ओट्यावर थांबवू नये. आपण थोडे सरकावे व त्याला जागा द्यावी.

जाजमास आता दोन ठिकाणी ठिगळे लावावी लागतील. रंगही विटला आहे. परंतु सूत अजून घट्ट आहे. पुढील वर्षीच्या संमेलनापूर्वी ते पेटीतून काढून, उन्हे दाखवून, झटकून अंथरावे, एवढी आमची ज्ञातिबंधूंस व भगिनींस नम्र विनंती आहे. त्याच्या सांदीत साचलेली जुनी धूळही त्या निमित्ताने निघून जाईल.