शाळेचे माप

दिवाळीच्या फराळाला चार घरची माणसे एकत्र जमली, की चिवड्यातल्या खोबऱ्यावरून सुरू झालेली गोष्ट हमखास मुलांच्या शाळेवर येऊन ठेपते. सातारकर आपल्या शाळांचा पाढा वाचतात, सांगलीकर आपल्या. मुंबईहून आलेले एखादे भावोजी दोघांनाही मोडीत काढतात. शेवटी कोणीतरी दहावीच्या निकालाची टक्केवारी सांगतो आणि वाद मिटतो. निदान मिटल्यासारखा दिसतो. कापडाला गज, दुधाला शेर, तशी शाळेला टक्केवारी हे माप आपल्या अंगवळणी पडले आहे. पण हे माप आले कोठून, ते कोणी पाडले आणि आपल्याच भागातल्या मोठ्या माणसांनी त्याविषयी काय म्हटले, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

माप विलायती आहे. १८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो या मंत्र्याने शाळांच्या अनुदानाचा नवा कायदा केला. त्याचा हिशेब वाण्याचा होता. तपासनीस शाळेत येईल, एकेका मुलाची वाचन, लेखन आणि हिशेब या तीन विषयांत परीक्षा घेईल. जो मुलगा उतरेल त्याचे पैसे शाळेला मिळतील, जो पडेल त्याचे कापले जातील. ही योजना स्वस्त पडली नाही तर कार्यक्षम तरी ठरेल, आणि कार्यक्षम ठरली नाही तर स्वस्त तरी पडेल, असे लोसाहेबाने पार्लमेंटात ठणकावून सांगितले. मौज अशी, की या पद्धतीचा सर्वांत कडवा टीकाकार तपासनिसांतच निघाला. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी पस्तीस वर्षे शाळा तपाशीत हिंडत होता. त्याने पाहिले, की पोरे परीक्षेचे पुस्तक घडाघडा म्हणतात, आणि दुसरे कोणतेही पुस्तक हाती दिले की अडखळतात. पुस्तक पाठ झाले होते, वाचता येत नव्हते.

हीच पद्धत १८६५ च्या सुमारास मुंबई इलाख्यात आली. शिक्षणखात्याचे प्रमुख सर अलेक्झांडर ग्रँट यांनी खाजगी शाळांच्या अनुदानाला निकालाची अट घातली. पुढे १८८२ साली हंटर कमिशन नेमले गेले. त्यापुढे पुण्याहून निवेदन पाठविणाऱ्यांत जोतीराव फुले होते. फुल्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आणि सावित्रीबाईंचे माहेर नायगाव तेही याच जिल्ह्यातले; तेव्हा त्यांचे म्हणणे हा सातारकरांचा घरचाच ठेवा समजायला हरकत नाही. जोतीरावांनी त्या निवेदनात मुद्दा सरळ मांडला. ज्या गरीब लोकांत शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, त्यांच्यात निकालावर पैसे देण्याची रीत चालायची नाही. अशा वस्तीत कोणता मास्तर शाळा काढील? त्याचे पोटच भरणार नाही. तेथे सरकारने स्वतः शाळा काढाव्या आणि गोडी लागेपर्यंत मुद्दाम उत्तेजन द्यावे.

हे वाक्य मी वर्गावर जाणारा माणूस म्हणून अनेकदा मनात घोळविले आहे. निकालाचे माप खोटे आहे असे जोतीराव म्हणत नाहीत. ज्याच्या घरी दिवा आहे, पाटी घेऊन देणारा बाप आहे, त्याची शाळा त्या मापात आपोआप चांगली दिसते, आणि ज्याच्या घरी काहीच नाही त्याची शाळा कितीही राबली तरी वाईट दिसते, एवढेच त्यांना सांगायचे आहे. शाळेचे म्हणून जे मोजले, त्यात घर किती आणि शाळा किती हे त्या आकड्यातून कळत नाही. इंग्लंडने ही पद्धत १८९० नंतर हळूहळू टाकून दिली. आपल्याकडे अनुदानाचे नियम बदलले, पण मनातले माप तेच राहिले.

दुसरे माप तपासणीचे. जुन्या माणसांना डिपटीसाहेब आठवतात. साहेब येणार म्हटले की आठ दिवस आधी भिंतींना चुना, मुलांना नखे कापण्याचा हुकूम, हुशार पोरे पुढच्या बाकावर. साहेब यायचे, दोन गणिते घालायचे, कविता म्हणवून घ्यायचे आणि शेरेबुकात चार ओळी लिहून जायचे. या भागात त्याला आणखी एक तऱ्हा होती. सातारा इंग्रजी अमलाखाली, पण सांगली पटवर्धनांची, औंध पंतप्रतिनिधींचे, फलटण निंबाळकरांचे. प्रत्येक संस्थानाचा शाळेकडे पाहण्याचा चष्मा निराळा. औंधच्या बाळासाहेब महाराजांना सूर्यनमस्कारांचे वेड. त्यांच्या मुलखातल्या शाळांत नमस्कार घालणे हा अभ्यासाचाच भाग होता. त्यांच्या लेखी चांगली शाळा म्हणजे जिथली पोरे काटक निघतात ती. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. निदान हे माप घरच्या दिव्यावर अवलंबून नव्हते.

१९४८ साली संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली, १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. शेरेबुके मात्र कपाटांत तशीच राहिली. मी अशी पुष्कळ वाचली आहेत. ‘शिस्त समाधानकारक’, ‘हस्ताक्षराकडे लक्ष द्यावे’ यापलीकडे त्यांत क्वचितच काही सापडते.

आता सातारच्या राजवाड्यातल्या शाळेकडे वळू. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या नावाने आज ओळखले जाणारे हे हायस्कूल त्या वेळी सरकारी हायस्कूल होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथे इंग्रजी पहिलीत एक नऊ वर्षांचा मुलगा दाखल झाला. रजिस्टरला त्याचा क्रमांक १९१४, आणि नाव भिवा रामजी आंबेडकर. शाळेने ते रजिस्टर जपून ठेवले आहे, आणि २०१७ पासून महाराष्ट्र सरकारने ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ ठरविला आहे.

त्या काळच्या कोणत्याही मापाने ही शाळा पहिल्या प्रतीची ठरली असती. सरकारी पगाराचे मास्तर, राजवाड्याची इमारत, पुढे मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकची वाट. पण सातारच्या त्या शाळकरी दिवसांविषयी बाबासाहेबांनी पुढे जे लिहून ठेवले ते वाचले म्हणजे शेरेबुक हातातून गळून पडते. बसायला वेगळे गोणपाट. ते झाडणारा गडीही त्याला शिवणार नाही, म्हणून संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा आणायचे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसला तर तहान. आणि वर्गात मुले नंबराप्रमाणे बसत, पण या मुलाला त्याच्या नंबराच्या जागी बसता येत नसे. त्याची जागा कोपऱ्यात. ज्या शाळेत गुणांवरून जागा ठरते तीच शाळा एका मुलाच्या बाबतीत गुण बाजूला ठेवते, आणि तरीही मास्तराला, तपासनिसाला किंवा गावाला ही शाळा कमी प्रतीची वाटत नाही!

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. याच शाळेने त्याला दाखल करून घेतले, इंग्रजीची पहिली अक्षरे दिली. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली घडल्या आणि दोन्ही खऱ्या आहेत. १९०४ साली कुटुंब मुंबईस गेले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात बसले आणि १९०७ साली मॅट्रिक झाले. म्हणजे निकालाच्या हिशेबात हा विद्यार्थी एल्फिन्स्टनच्या खात्यावर जमा. सातारच्या शाळेचा सर्वांत मोठा विद्यार्थी तिच्या मॅट्रिकच्या यादीत नाहीच.

अशीच गोष्ट कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलची. २६ जानेवारी १९३२ रोजी तेथील एका विद्यार्थ्याने शाळेच्या आवारात तिरंगा लावला आणि त्याला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. हा मुलगा देवराष्ट्राचा, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातला. तो मॅट्रिक झाला १९३४ साली. शाळेच्या पटावर त्याची ती मधली वर्षे गैरहजेरीचीच. यशवंतराव चव्हाण हे नाव आज त्या शाळेच्या अभिमानाचे आहे, पण त्या वर्षी टक्केवारी काढणाऱ्याला ते अडचणीचेच वाटले असणार.

सांगलीकडे पाहिले तर वि. स. खांडेकर सांगलीतच जन्मले, सांगलीतच शिकले, आणि १९२० साली कोकणात शिरोड्याच्या शाळेवर मास्तर म्हणून गेले. पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. सांगलीच्या शाळेने त्यांच्यावर हक्क सांगावा, कोणी नाही म्हणणार नाही. पण शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर औंधला शिकले आणि मॅट्रिकला गणिताने त्यांना अडविले. तेव्हा गदिमा ही औंधच्या शाळेची जमा की खर्च? वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे तर शाळेत उणेपुरे दीड दिवस टिकले. त्यांचे नाव कोणत्याच हायस्कूलच्या टक्केवारीत, ना वर ना खाली, कोठेच यायचे नाही. टक्केवारीच्या भागाकारात खाली जो आकडा असतो, तो परीक्षेला बसलेल्यांचा. जे दारापर्यंत आलेच नाहीत, किंवा आले आणि हुसकले गेले, ते त्या भागाकाराच्या बाहेर.

नेमका हाच खालचा आकडा बदलायला एक माणूस निघाला होता. भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकही झालेले नव्हते. ओगल्यांच्या काचकारखान्याचा आणि किर्लोस्करांच्या नांगरांचा माल खपवीत ते खेडोपाडी हिंडले, आणि ज्या गावांत नांगर पोचला तेथे शाळा पोचली नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ साली ती साताऱ्यास आली. तेथल्या वसतिगृहात मराठा, महार, मुसलमान, जैन अशी सर्व मुले एका पंक्तीला जेवत. १९२७ साली गांधीजी ते पाहून गेले. पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. राजवाड्यातल्या गोणपाटाला मिळालेले उत्तर त्याच गावात, जेमतेम पंचवीस वर्षांनी, एका पंगतीच्या रूपाने मिळाले.

१९४० साली भाऊरावांनी साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल काढले. फी नाही, राहायचे तेथेच, आणि शेतावर, बांधकामावर घाम गाळून शिकायचे. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आता भाषणांत गुळगुळीत झाले आहेत, पण त्या वेळी त्यांचा अर्थ अगदी रोकडा होता: बाप फी देऊ शकत नाही म्हणून एकही मुलगा परत जायचा नाही. १९४८ साली सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. कारण वर्गातल्या शिकवण्याचे नव्हते, राजकारणाचे होते. लोकांनी वर्गणी गोळा केली, संस्था तगली आणि पुढे अनुदानही परत सुरू झाले. सरकारचे माप आणि लोकांचे माप एकदा असे समोरासमोर आले होते. आज संस्थेच्या माध्यमिक शाळाच चारशेहून अधिक आहेत. त्या सर्वच सारख्या चांगल्या आहेत असे मी म्हणणार नाही. एवढा मोठा वटवृक्ष म्हटला की काही फांद्या वाळक्या असायच्याच.

साताऱ्यातच १९६१ साली देशातले पहिले सैनिक स्कूल निघाले. त्याचे माप सोपे: किती मुले प्रबोधिनीत गेली. ज्या शाळेचे काम एकच ठरलेले आहे तिचे मोजमापही सोपे असते. गावच्या हायस्कूलला ते सुख नाही. तिला डॉक्टरही घडवायचे असतात, शेतकरीही, आणि दहावीनंतर लग्न होणाऱ्या मुलीलाही काहीतरी द्यायचे असते.

आता आजचे पाहा. बोर्डाची गुणवत्ता यादी लागेनाशी झाली, तसा शाळांनी फाटकावर फ्लेक्स लावण्याचा परिपाठ धरला: ‘शंभर टक्के निकाल’. समजा, नववीत चाळीस मुले होती. त्यांतल्या आठांना नापास केले किंवा दाखला देऊन दुसरीकडे पाठविले. चारांच्या पालकांना बोलावून समजावले, की पोराचा सतरा नंबरचा फॉर्म बाहेरून भरा, बरे पडेल. उरली अठ्ठावीस, ती सर्व उतरली. झाले शंभर टक्के. आकड्यात कसलीच लबाडी नाही, बेरीज चोख आहे. तिकडे शेजारच्या शाळेने चाळीसच्या चाळीस बसविली, तीस उतरली, आणि पंचाहत्तर टक्के म्हणून लोकांनी नाक मुरडले. वस्तुतः पहिल्या शाळेपेक्षा दोन मुले तिने जास्त पार केली.

म्हणून नातेवाइकांपैकी कोणी विचारले, की मी त्यांना फ्लेक्स वाचू नका, जनरल रजिस्टर पाहता आले तर पाहा, असे सांगतो. पाचवीत किती नावे लागली आणि त्यांतली किती दहावीच्या हॉलपर्यंत पोचली, हे तेथे एका ओळीखाली एक लिहिलेले असते. शेवटच्या रकान्याचे नाव ‘शाळा सोडल्याचे कारण’. तेथे बदली लिहिले आहे, की ‘सततची गैरहजेरी’, की ‘पालकांच्या विनंतीवरून’, ते बघा. ऊसतोडीच्या हंगामात गेलेली पोरे परत आली का, आठवीनंतर मुलींची नावे विरळ होतात का, आणि होत असतील तर मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आणि आतून कडी आहे का, तेही विचारा. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या वहीवर शेवटची तारीख कोणती आहे? मागच्या बाकावर कोण बसते, आणि वर्षभर तेच बसते का?

मुख्याध्यापक त्रासले तर त्रासू द्या. चांगले असतील ते रजिस्टर काढून देतीलच. शिवाय चहा मागवून एकेका नावामागची हकीकतही सांगत बसतील.