फ्लोरा फाउंटन गोळीबार

मराठी भाषकांचे मुंबईसह एक राज्य व्हावे, या मागणीसाठी निघालेल्या मोर्चावर मुंबई राज्याच्या पोलिसांनी २१ नोव्हेंबर १९५५ रोजी केलेला गोळीबार. त्यात १५ जण मरण पावले. पुढील जानेवारीतील गोळीबार याहून कितीतरी मोठा होता. तरी फ्लोरा फाउंटनच्या चौकाला 'हुतात्मा चौक' हे नाव मिळाले ते २१ नोव्हेंबरमुळे.

राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाच्या ऑक्टोबर १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात मराठी-गुजराती द्विभाषिक मुंबई राज्य सुचवले होते. नोव्हेंबरात काँग्रेसश्रेष्ठींनी त्रिराज्य योजना पुढे केली : महाराष्ट्र, गुजरात आणि वेगळी मुंबई. २० नोव्हेंबरला गिरगाव चौपाटीवर मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि मुंबई काँग्रेसचे नेते स. का. पाटील यांची सभा झाली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ही दोघांची भाषा ऐकून श्रोते खवळले आणि सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी गिरण्या बंद पडल्या. परळ-लालबागचे कामगार जमावबंदी मोडून विधानसभेकडे निघाले. विधानसभा तेव्हा रिगल चित्रपटगृहासमोरच्या इमारतीत भरत असे. आज तेथे राज्याच्या पोलीस महासंचालकांचे कार्यालय आहे. मोर्चा फ्लोरा फाउंटनपाशी अडवला गेला. लाठी आणि अश्रुधूर यांनी जमाव हटेना, तेव्हा गोळ्या सुटल्या.

१६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित होणार असल्याचे आकाशवाणीवरून जाहीर केले आणि शहर पेटले. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथे आठवडाभर गोळीबार चालू राहिला. या दिवसांत दगडफेक, जाळपोळ आणि दुकानांची लूटही झाली, हे नोंदवले पाहिजे; पण तेवढ्याने गोळीबाराच्या प्रमाणाचे समर्थन होत नाही. न्यायालयीन चौकशीची मागणी सरकारने मानली नाही. कुलाब्याचे खासदार आणि केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी राजीनाम्याच्या निवेदनात या नकारावर लोकसभेत बोट ठेवले.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे अशी एरवी एका पंगतीला न बसणारी माणसे तिने एकत्र आणली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला समितीचा जबर फटका बसला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले.

गोळीबाराच्या जागी पुढे स्मारक उभे राहिले : हाती मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार. चौकाला 'हुतात्मा चौक' म्हणतात. संपूर्ण आंदोलनातील हुतात्म्यांची संख्या १०५, १०६ आणि १०७ अशी तिन्ही प्रकारे छापली जाते. यादीत बेळगाव-निपाणीकडचेही हुतात्मे आहेत. त्यांची गावे १९६० च्या महाराष्ट्रात आली नाहीत. या सीमाभागाबाबत महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.