चाळिशी सुटली, पुन्हा लागली: मधुमेहाचे औषध आणि धूसर नजरेचा इतिहास

१/
शिरूर आणि दौंड ही नावे इतिहासाच्या वाचकाला लष्कर आणि रेल्वे यांमुळे ठाऊक असतात. घोडनदीच्या काठी शिरूरला इंग्रजांची छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी आदल्या रात्री तेथूनच निघाली होती. भीमाकाठच्या दौंडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. या दोन्ही तालुक्यांत आज मधुमेह हा घरोघरी परिचयाचा शब्द झाला आहे आणि त्याच्याबरोबर डोळ्याचे एक जुने कोडेही आले आहे. ते कसे सुटले, त्याचा हा इतिहास.

२/
कोडे समजण्यासाठी एखादा रुग्ण कल्पावा. पन्नाशीचा शेतकरी. काही महिन्यांपासून तहान फार, वजन उतरलेले. पण एका गोष्टीचे त्याला कौतुक वाटते. चाळिशी न लावता सातबारा वाचता येऊ लागला आहे. पुढे रक्त तपासले जाते, साखर भरमसाट निघते, औषध सुरू होते. आठ-दहा दिवसांत तहान शमते, अंगात बळ येते. आणि नेमकी तेव्हाच जवळची अक्षरे पुसट होऊ लागतात. 'औषधाने डोळे घालवले' असे वाटून गोळ्या बंद करण्याचा मोह याच वळणावर होतो.

३/
हा निष्कर्ष स्वाभाविक आहे, पण उलटा आहे. चाळिशी सुटली ती आजारामुळे आणि पुन्हा लागली ती उपचारामुळे! हे उमगायला वैद्यकाला फार मोठा पल्ला गाठावा लागला.

४/
मधुमेहाची ओळख भारतात प्राचीन आहे. चरकसंहितेत रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, असे लक्षण नोंदले आहे. सुश्रुताने प्रमेहाचे रुग्ण दोन प्रकारचे मानले: जन्मतः दोष असलेला 'सहज' आणि चुकीच्या आहारविहारामुळे झालेला 'अपथ्यनिमित्तज'. पहिला बहुधा कृश, दुसरा बहुधा स्थूल. यांतील कृश रुग्णाची गाठ या लेखात पुढे पुन्हा पडणार आहे.

५/
युरोपात टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने सतराव्या शतकात मधुमेही मूत्राची गोडी नोंदली. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने मूत्र आटवून साखर हाती काढून दाखवली आणि रुग्णाच्या रक्तातही गोडी असते, हे सांगितले. रक्तात साखर आहे, हे ठरले. पण ती डोळ्यात जाऊन काय करते, हे पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते.

६/
ते साधन १८५१ मध्ये जगापुढे आले. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत डोकावणारे उपकरण, ऑप्थाल्मोस्कोप, प्रसिद्ध केले. अवघ्या चार वर्षांत, १८५५ मध्ये, व्हिएन्नाच्या एडुआर्ड फॉन येगर याने मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलावरील, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावरील, बदलांचे वर्णन केले. मधुमेह डोळ्याच्या दोन जागी काम करतो: पुढच्या भिंगात आणि मागच्या पडद्यात. या दोन जागांची गल्लत झाली की रुग्णाचे नुकसान होते.

७/
मधुमेह्याच्या चष्म्याचा नंबर अचानक बदलतो, हे निरीक्षण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉक्टरांच्या नोंदींत दिसू लागले. कोणाचा नंबर मायनसकडे जाई, कोणाचा प्लसकडे. पण या नोंदी तुरळक राहिल्या. कारण उघड होते. रक्तातील साखर झपाट्याने खाली आणणारे औषधच अस्तित्वात नव्हते. कडक पथ्य आणि उपासमार एवढेच वैद्याच्या हाती होते.

८/
१९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क कुत्र्यांना देऊन साखर उतरवली. कॉलिप याने तो अर्क शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन देण्यात आले. मृत्यूच्या दारातून रुग्ण परतू लागले. माणसाच्या शरीरातील साखर काही दिवसांत एवढी खाली येण्याचा प्रसंग डॉक्टरांना आता वारंवार पाहता येऊ लागला, आणि त्याबरोबर डोळ्याचे कोडेही डोळ्यांसमोर घडू लागले.

९/
१९२५ मध्ये स्ट्यूअर्ट ड्यूक-एल्डर या तरुण नेत्रतज्ज्ञाने 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थाल्मॉलॉजी'मध्ये या विषयावर सविस्तर लेख लिहिला. पुढे हेच गृहस्थ ब्रिटिश राजघराण्याचे नेत्रवैद्य झाले. त्यांनी मांडलेला नियम सुटसुटीत होता. साखर चढली की नंबर मायनसकडे सरकतो, म्हणजे लांबचे धूसर होते आणि जवळचे वाचता येते. साखर उतरली की नंबर प्लसकडे सरकतो, म्हणजे जवळचे धूसर होते. सातबारा वाचणाऱ्या शेतकऱ्याचे कोडे या एका नियमात बसते.

१०/
हे घडते कसे? डोळ्याच्या भिंगाला रक्तवाहिन्या नसतात. भोवतीच्या पाण्यासारख्या द्रवातून ते आपले पोषण घेते. ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ अधिक, त्या बाजूला पाणी ओढले जाते. मनुका पाण्यात टाकली की रात्रभरात फुगते, ती याच न्यायाने. ड्यूक-एल्डर यांनी पाण्याच्या या देवाणघेवाणीवर बोट ठेवले होते. मात्र भिंगाच्या आत पाणी ओढून घेणारा पदार्थ नेमका कोणता, हे कळायला आणखी तीन दशके जावी लागली.

११/
१९५९ मध्ये ऑक्सफर्डच्या रूथ व्हॅन हेनिंगन यांना मधुमेही उंदरांच्या भिंगात सॉर्बिटॉल हा पदार्थ साठलेला आढळला. पुढे अमेरिकेत जिन किनोशिता यांनी त्यामागची साखळी उलगडली. ग्लुकोज भिंगात शिरायला इन्सुलिनची गरज लागत नाही. रक्तात साखर फार झाली की तेथील एक विकर तिचे सॉर्बिटॉलमध्ये रूपांतर करते. ग्लुकोज सहज आत-बाहेर करते. सॉर्बिटॉलला पेशीचे दार सहजी ओलांडता येत नाही. ते आत अडकून पडते.

१२/
आता औषध सुरू होते. रक्तातील साखर उतरते, भिंगाभोवतीच्या द्रवातलीही उतरते. भिंगाच्या पोटात मात्र जुना साठा शिल्लक असतो. बाहेर पातळ, आत दाट. म्हणून पाणी आत शिरते. भिंगातील द्रव्य पातळ होते, त्याची प्रकाश वाकवण्याची शक्ती घटते आणि जवळची अक्षरे पुसट होतात. साठा हळूहळू ओसरतो, तशी नजर पूर्वपदावर येते. म्हणजे ही धूसरता औषधाचे विष नाही. साखर खरोखर उतरली, याची ती खूण आहे.

१३/
हा काळ किती? जपानी डॉक्टरांनी २००० साली १४ रुग्णांच्या २८ डोळ्यांची उपचारकाळातील मोजमापे प्रसिद्ध केली. नंबर प्लसकडे सरकण्याचा बदल प्रत्येक डोळ्यात दिसला. सरासरी जवळपास दीड डायॉप्टर. तो साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास कळसाला पोचला आणि १४ ते ८४ दिवसांत मावळला. पहिल्या आठवड्यात साखर जितक्या वेगाने उतरली, तितका हा बदल मोठा होता. काही अभ्यासांत भिंगाची जाडी वाढलेली आढळली, या अभ्यासात ती आढळली नाही. त्यामुळे भिंग फुगते किती आणि आतून पातळ होते किती, हा वाद अभ्यासकांत राहिला आहे. बदल तात्पुरता असतो, यावर मात्र दुमत नाही.

१४/
येथे शिरूर तालुका वैद्यकाच्या इतिहासात प्रवेश करतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यावर त्यांचा भर होता. १९९३ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शंभुराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेले वढू त्यामुळे आरोग्य संशोधनाच्या नकाशावरही आले. आज परिसरातील २२ गावांच्या जन्म-मृत्यू आणि आजारपणाच्या नोंदी तेथे वर्षानुवर्षे ठेवल्या जातात.

१५/
त्याच केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. तरी या किरकोळ बाळांच्या अंगात चरबीचा वाटा राखलेला होता. कमी होते ते स्नायू. 'लँसेट'मध्ये २००४ साली त्यांचे आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचे छायाचित्र गाजले. दोघांची उंची-वजनाची पट्टी सारखीच, २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

१६/
धूसर नजरेशी याचा संबंध थेट आहे. मधुमेह हा सुखवस्तू आणि स्थूल माणसाचा आजार, ही समजूत खेड्यात अजून जिवंत आहे. शेतात राबणाऱ्या सडपातळ माणसावर कोणी संशय घेत नाही. सुश्रुताचा कृश रुग्ण नजरेतून सुटतो. निदान लांबते, तोवर साखर फार चढलेली असते. मग औषध सुरू झाल्यावर ती जितकी वेगाने खाली येते, तितकी नजर अधिक हलते आणि भीतीही तितकीच मोठी होते.

१७/
दौंडसारख्या रेल्वेच्या गावात या भीतीला पोटापाण्याचीही बाजू आहे. इंजिनचालकाला ठरावीक काळाने दृष्टीची कसोटी द्यावी लागते. ट्रकचालकाचे, शिंप्याचे, कारखान्यातल्या कामगाराचे पोट नजरेवर चालते. घाईने नवा चष्मा केला, तर तो त्या आठवड्यातल्या फुगलेल्या भिंगाचा चष्मा ठरतो. भिंग निवळले की तो निरुपयोगी. म्हणून साखर स्थिरावल्यावर, काही आठवड्यांनी, नंबर काढावा असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. तोवर गरज भासल्यास स्वस्तातला तयार वाचनाचा चष्मा पुरतो. नजर अस्थिर असताना वाहन चालवू नये, हे ओघाने आलेच.

१८/
मात्र हा इतिहास येथेच थांबवला तर तो धोकादायक ठरेल. भिंगामागे पडदा आहे. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर डीसीसीटी हा मोठा अभ्यास झाला. साखर काटेकोर ताब्यात ठेवणाऱ्या गटात ६ ते १२ महिन्यांच्या तपासण्यांत १३.१ टक्के रुग्णांच्या पडद्याचा विकार तात्पुरता बळावला. नेहमीच्या उपचाराच्या गटात हे प्रमाण ७.६ टक्के होते. पण वर्षे लोटली तसे चित्र पालटले. ज्यांच्या पडद्याला आधी इजा नव्हती, त्यांच्यात काटेकोर उपचाराने विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला.

१९/
याचा अर्थ असा की धूसरता दोन प्रकारची असू शकते आणि रुग्णाला घरबसल्या त्यांतला फरक ओळखता येत नाही. भिंगाची धूसरता बहुधा दोन्ही डोळ्यांत येते, वेदना करत नाही आणि निवळते. पडद्याचा विकार पुष्कळदा काहीच न जाणवता वाढतो. म्हणून मधुमेहाचे निदान होताच बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा, मग नजर स्वच्छ वाटत असली तरी. एका डोळ्याची नजर एकाएकी जाणे, काळे ठिपके वा जाळी तरंगणे, पडदा ओढल्यासारखे वाटणे, डोळा दुखणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. घाम, थरथर आणि भुकेसोबत नजर अंधारली तर साखर फार उतरलेली असू शकते; अशा वेळी लगेच साखर खावी आणि डॉक्टरांना कळवावे.

२०/
भारतात मधुमेही किती, याचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला आयसीएमआरच्या अभ्यासाचा अंदाज १० कोटी १० लाखांचा आहे. त्यांतील प्रत्येकाच्या आयुष्यात औषधाचा पहिला आठवडा येतो. त्या आठवड्यात गोळ्यांच्या पाकिटासोबत एक वाक्य मिळाले, तर किती उपचार मध्येच तुटण्यापासून वाचतील. हेल्महोल्ट्झपासून किनोशितांपर्यंतच्या शंभरेक वर्षांचे सार त्या वाक्यात मावते: औषध स्वतःहून थांबवू नये, चष्म्यासाठी थांबावे, पडद्यासाठी थांबू नये.