पीबॉडीच्या इमारती आणि आमचे नऊ अर्ज

गेल्या रमजाननंतर आमच्या जमातीने मदतनिधीतून घरदुरुस्ती आणि भाड्याच्या डिपॉझिटसाठी पैसे द्यायचं ठरवलं. नऊ अर्ज आले. पैसे तिघांपुरतेच होते. ज्यांची कागदपत्रं पूर्ण, त्यांना आधी, असा निकष मीच सुचवला आणि सर्वांनी मान्य केला. त्यात एका विधवेचा अर्ज तळाला गेला. ती चार घरची धुणीभांडी करते. भाडेकरार नाही, पगाराचा दाखला नाही.

घरी आल्यावर मला लंडनचा पीबॉडी ट्रस्ट आठवला.

जॉर्ज पीबॉडी मूळचा अमेरिकन, लंडनमध्ये स्थायिक झालेला बँकर. १८६२ साली त्याने लंडनच्या गरिबांसाठी १,५०,००० पौंड दिले. पुढे ही देणगी ५,००,००० पौंडांवर गेली. आधी शाळांचा विचार होता. पण गरिबांची खरी निकड राहत्या जागेची आहे, हे लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी पटवलं. देणगीदाराच्या अटी मोजक्या होत्या. लाभार्थी लंडनचा असावा, गरीब असावा, वर्तन चांगलं असावं. धर्म किंवा राजकीय मत पाहून कोणालाही वगळू नये. नाव ऐकताच घर नाकारलं जाण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. त्यामुळे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही शेवटची अट मला फार मोठी वाटते.

पहिली इमारत १८६४ मध्ये स्पिटलफिल्ड्स भागात उभी राहिली. विश्वस्तांचं गणित सरळ होतं. भाड्यातून साधारण तीन टक्के उत्पन्न यावं आणि त्यातून पुढची घरं बांधावीत. म्हणजे पैसा संपणार नाही. पण मग भाडं बुडून चालणार नव्हतं. दर आठवड्याचं भाडं आगाऊ, थकबाकी अजिबात नाही, घरातल्या प्रत्येकाला देवीची लस टोचलेली हवी, असे नियम आले. हे सगळं पाळू शकणारा माणूस म्हणजे नियमित पगाराचा कारागीर. गोदीवर रोज सकाळी काम मिळेल की नाही याची वाट पाहणारा हमाल त्यात बसत नव्हता.

१८७५ च्या कायद्यानंतर हे अधिकच उघड झालं. गलिच्छ वस्त्या पाडून मोकळ्या झालेल्या काही जागा ट्रस्टला स्वस्तात मिळाल्या. मात्र पाडकाम आणि नवी इमारत यांत काही वर्षं जात. तोवर तिथले मूळ रहिवासी शेजारच्या गल्ल्यांत दाटीवाटीने कोंबले गेले. नव्या घरांत राहायला बहुधा दुसरेच आले.

विश्वस्त दुष्ट नव्हते. त्यांनी हजारो कुटुंबांना स्वच्छ, हवेशीर खोल्या दिल्या, आणि ती संस्था आजही चालू आहे. देणगीदाराने ‘गरीब’ एवढंच म्हटलं होतं. कोणता गरीब, हे मात्र भाड्याच्या नियमांनी ठरवलं. आमच्याकडे ते कागदांनी ठरवलं.

पुढच्या बैठकीत मी माझाच निकष मागे घेतला. तीनपैकी एक वाटा कागद नसलेल्यांसाठी ठेवावा आणि दोघांनी घरी जाऊन खात्री करावी, असं सुचवलं. ‘मग हिशेब कसा दाखवायचा?’ खजिनदारांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. भेटीचा अहवाल दोघांच्या सहीने फाइलला लावायचं ठरलं.

पहिली भेट त्या विधवेच्या घरी झाली. छताला ताडपत्री होती, आणि पावसाळा तीन आठवड्यांवर आला होता.